अल-बेरुनी : कुठल्याच राजाला अर्पण न केलेला ग्रंथ

दौतटाक (धागाकर्ता)

गझनीच्या महमूदाबद्दल आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याच्याच राजधानीत, त्याच वर्षांत एक माणूस संस्कृत शिकत होता, गीता आणि पुराणं वाचत होता, पतंजलीचं अरबीत भाषांतर करत होता. पाठ्यपुस्तक त्याला एका वाक्यात उरकतं: महमूदाबरोबर अल-बेरुनी भारतात आला आणि त्याने भारताचं वर्णन लिहिलं. त्यामुळे तो महमूदाचा बखरकार होता असा समज पक्का होतो. तो समज पुसावा म्हणून हा धागा काढतोय. लेख लांबला आहे, सवडीने वाचा.

अबू रैहान अल-बेरुनीचा जन्म सप्टेंबर ९७३ चा. गाव काथ, ख्वारिझमची तेव्हाची राजधानी, आजच्या उझबेकिस्तानात अमूदर्याच्या काठी. मातृभाषा ख्वारिझमी, म्हणजे इराणी भाषाकुळातली. लिहिलं मात्र बहुतेक सगळं अरबीत. गुरू अबू नस्र मन्सूर हा तिथल्या राजघराण्यातलाच गणिती. ९९५ साली गुरगंजच्या मामूनी घराण्याने काथचं राज्य बुडवलं आणि जेमतेम बाविशीतल्या बेरुनीला गाव सोडून पळावं लागलं.

तिथून पुढे राजे बदलत गेले. बुखाऱ्याचे सामानी झाले. मग कॅस्पियन समुद्राजवळच्या गुर्गानचा काबूस. हा स्वतः विद्वान, अक्षर सुंदर आणि स्वभाव क्रूर. त्याच्या कबरीवरचा विटांचा उंच मनोरा इराणात आजही उभा आहे. जगातल्या लोकांच्या कालगणना, सण आणि संवत यांवरचा बेरुनीचा पहिला मोठा ग्रंथ या काबूसला अर्पण आहे. साल साधारण १०००, लेखकाचं वय सत्तावीस.

मग तो ख्वारिझमला परतला, मामूनी राजाचा सल्लागार म्हणून. ज्यांनी त्याला देशोधडीला लावलं त्याच घराण्याच्या नोकरीत. हा राजा महमूदाचा मेव्हणा. १०१७ मध्ये बंडखोर सैन्याने त्याला मारलं, महमूदाने सूड घेण्याचं निमित्त करून ख्वारिझम जिंकलं आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेलं. त्यांत बेरुनी होता आणि त्याचे गुरू अबू नस्रही होते. म्हणजे हा माणूस गझनीला आपण होऊन नोकरी मागायला गेला नव्हता.

पुढच्याच वर्षीचा, ऑक्टोबर १०१८ चा एक प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवलाय. तो काबूलजवळच्या जैफूर नावाच्या खेड्यात आहे. स्थानाचे अक्षांश काढायचेत आणि जवळ एकही उपकरण नाही. तेव्हा त्याने हिशेब मांडायच्या पाटीच्या पाठीवर वर्तुळाचा कंस आखला, त्यावर अंश पाडले, ओळंबा सोडला आणि सूर्याची उंची मोजली. मन किती खचलंय हेही तो तिथे सांगतो. पण निरीक्षण टळलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. भारतावरचा त्याचा ऐंशी प्रकरणांचा ग्रंथ १०३० साली पुरा झाला. एप्रिलअखेर महमूद वारला आणि महंमद व मसूद या त्याच्या मुलांमध्ये गादीचा वाद पेटला, त्या मधल्या काही महिन्यांत ग्रंथ हातावेगळा झाला, असं झाखाऊने दाखवलंय. (एडुआर्ड झाखाऊ या जर्मन पंडिताने १८८७ मध्ये मूळ अरबी संहिता आणि १८८८ मध्ये दोन खंडांत इंग्रजी भाषांतर छापलं.) बेरुनीचे इतर मोठे ग्रंथ पाहा. कालगणनेचा काबूसला, खगोलशास्त्राचा प्रचंड ‘कानून’ मसूदला, रत्नांवरचा मसूदचा मुलगा मौदूद याला. भारतावरचा ग्रंथ मात्र कुठल्याच सुलतानाला अर्पण नाही. प्रस्तावनेत तो अबू सहल अत-तिफलीसी या विद्वानाचं नाव घेतो. दुसऱ्यांच्या धर्मांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते ऐकीव आणि विकृत असतं, असं दोघांचं बोलणं झालं आणि तिफलीसीने हिंदूंबद्दल तूच लिही असा आग्रह धरला. हा वादाचा ग्रंथ नाही, हिंदू जे म्हणतात ते मी जसंच्या तसं मांडणार, असं तो बजावून सांगतो.

आणि पहिल्याच प्रकरणात महमूदाचा विषय येतो. महमूदाने त्या देशाची भरभराट पार धुळीला मिळवली, हिंदू धुळीच्या कणांसारखे दाही दिशांना उधळले गेले, उरलेल्यांच्या मनात मुसलमानांबद्दल कमालीचा तिटकारा बसला, आणि म्हणूनच हिंदूंच्या विद्या आम्ही जिंकलेल्या मुलखातून उठून काश्मीर, काशी अशा, आमचा हात अजून पोचत नाही अशा ठिकाणी निघून गेल्या. हे गझनीत बसून लिहिलंय! विद्या कुठे गेल्या, हे दुःख त्या वाक्यात आहे, कारण त्याला शिकायच्या होत्या त्याच त्या विद्या.

सोमनाथाचंही तसंच. लिंग समुद्रकाठी होतं, भरतीचं पाणी त्याच्यापर्यंत चढे आणि ओहोटीला उतरे, म्हणून चंद्र आपल्या स्वामीची सेवा करतो असं लोक मानत, हे तो भरती-ओहोटीच्या प्रकरणात सांगतो. रोज गंगेच्या पाण्याचा घडा आणि काश्मीरची फुलं येत. पुढे लगेच: लिंगाचा वरचा भाग फोडला, उरलेला गझनीला आणला. एक तुकडा ठाणेसरच्या चक्रस्वामीच्या काशाच्या मूर्तीबरोबर तिथल्या मैदानात पडलाय आणि दुसरा मशिदीच्या दाराशी, लोक त्यावर पाय पुसतात. हे त्याच्या राहत्या गावातलं. त्यात जयघोषाचा एक शब्द नाही.

तुमची मतं वाचायला आवडतील.

घाटवाट

सुंदर लेख. वाचनखूण साठवली.

आपल्या मुलखाचा उल्लेख त्याच्याकडे आहे तो इथे नोंदवतो. अठराव्या प्रकरणात तो रस्ते सांगतो. धारहून दक्षिणेला निघालं की आधी एक खोरं ७ फरसख (अंतराचं जुनं इराणी माप), मग मरहट्ट देश १८ फरसख, मग कोकण आणि त्याची राजधानी ठाणे, समुद्रकाठी, २५ फरसख. दुसरी वाट नर्मदेवरून गोदावरीच्या काठच्या ‘मंदगीर’पर्यंत येते. १०३० म्हणजे ठाण्यात शिलाहार आणि धारेत भोज. भोजाचं तर तो नावही घेतो, ‘आमच्या काळात तिथे भोजदेव राज्य करतो’ असं.

त्याने यातलं काहीच पाहिलेलं नाही. एकतिसाव्या प्रकरणात त्याने स्वतः अक्षांश मोजलेल्या गावांची यादी आहे: गझनी, काबूल, पेशावर, झेलम, सियालकोट, मुलतान वगैरे. यापलीकडे आपण गेलो नाही असं तो तिथेच सांगतो. म्हणजे ज्याला आपण भारतवर्णन म्हणतो ते पंजाब-मुलतानात राहून, बाकीचं ग्रंथांतून आणि माणसांकडून गोळा केलेलं आहे. अंतरं देतानाही तो सावध करतो की ओझी वाहणाऱ्यांच्या येरझाऱ्यांवरून इथले लोक मजला (दिवसभराच्या चाली) धरतात, त्यामुळे हे आकडे मोठ्या खटपटीने सुधारावे लागतात. पण जे माहीत नाही त्याच्यापायी जे माहीत आहे ते दडवणं मनाला पटलं नाही, चुकलं असेल तर वाचकाने क्षमा करावी.

आणि कोकणातला शरभ! कोकणच्या मैदानात शरव नावाचा प्राणी असतो असं लोक सांगतात, म्हणतो. चार पाय खाली, पाठीवर वर वळलेले आणखी चार पायांसारखे काहीतरी, लहानशी सोंड, दोन मोठी शिंगं, त्यांनी तो हत्तीला उभा चिरतो. आकार रेड्यासारखा पण गेंड्याहून मोठा. ढगांचा गडगडाट ऐकला की दुसरं जनावर ओरडतंय असं समजून तो शिखरावर चढतो, आवाजावर झेप घेतो आणि दरीत कोसळून मरतो.

आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आहेत, ट्रेक करणाऱ्यांनी हमखास पाहिलेले. ते सिंहाच्या अंगाचे. बेरुनीचा रेड्याच्या अंगाचा, पण हत्तीशी वैर दोघांचंही.

मेघपंथ

घाटवाट, ती ढगावर झेप घेण्याची गोष्ट मेघदूतात आहे. हिमालयात शरभ तुझ्यावर उड्या घेतील आणि स्वतःचेच हातपाय मोडून घेतील, असं यक्ष मेघाला सांगतो. बेरुनीला कोकणची माहिती देणारा कोणी व्यापारी होता की पंडित, याचा अंदाज यावरून बांधता येईल. मला वाटतं काव्य कानावरून गेलेला कोणीतरी होता, आणि त्याने पुस्तकातला प्राणी दूरच्या कोकणात सोडून दिला. ‘लोक सांगतात’ हे दोन शब्द बेरुनीने लावले म्हणून आज आपल्याला हे वेगळं काढता येतं. नुसतं ‘कोकणात शरभ असतो’ लिहिलं असतं तर काय केलं असतं?

कडेकपार

लेख माहितीपूर्ण आहे, पण सूर मला पटला नाही. महमूदाने केलेल्या विध्वंसाच्या त्याच वाक्यात तो त्याच्या कर्तृत्वाला ‘अद्भुत’ म्हणतो, ते तुम्ही गाळलंत. शिवाय हिंदूंबद्दल काय लिहितो तेही सांगा. यांना वाटतं आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखे राजे नाहीत, आपल्यासारखी विद्या नाही. हे गर्विष्ठ, मूर्खपणाने फुगलेले, आपलं ज्ञान दुसऱ्याला द्यायला कंजूष. ज्यांची गावं जाळली त्यांनी ज्ञान द्यायला पुढे यावं, अशी अपेक्षा? विजेत्याच्या छावणीत बसून हरलेल्यांच्या स्वभावाची चिकित्सा करणं सोपं असतं. आणि त्याला पुस्तकं नि पंडित मिळाले ते कोणाच्या जोरावर?

दौतटाक

कडेकपार, मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

‘अद्भुत पराक्रम’ हे शब्द आहेतच. नुकत्याच वारलेल्या सुलतानाबद्दल त्याच्या राजधानीत लिहिताना तेवढं लिहावं लागलं असेल, किंवा ते त्याला खरंच वाटतही असेल. मी दोन्ही शक्यता धरतो. पण महमूदाच्या दरबारी कवींनी सोमनाथावर जे कसीदे (स्तुतिकाव्यं) रचले, त्यांच्या शेजारी हा मजकूर ठेवून पाहा. तिथे मूर्तिभंजन हाच विषय आहे. इथे त्याच ओळीत मुलूख उजाड झाला आणि विद्या परागंदा झाल्या ही नोंद आहे.

गर्वाचा उतारा खरा आहे आणि बोचरा आहे. फक्त त्याच्या शेवटी तो म्हणतो की हे लोक प्रवास करून इतरांत मिसळले तर मत बदलतील, कारण यांचे पूर्वज आजच्या पिढीसारखे संकुचित नव्हते. पुरावा म्हणून वराहमिहिराचा दाखला देतो: ग्रीक हे म्लेच्छ असले तरी शास्त्रात निष्णात आहेत, म्हणून त्यांचा मान राखावा. बोलतोय तो वराहमिहिराच्या बाजूने.

तो इथल्या ज्योतिष्यांसमोर आधी शिष्यासारखा बसे. भाषा येईना, रीत कळेना. थोडं अंगवळणी पडल्यावर तो त्यांना उपपत्ती समजावून सांगू लागला, तेव्हा ते चकित होऊन विचारत, हे तुम्ही कोणत्या हिंदू गुरूकडे शिकलात? आपल्या भाषेत ते त्याला सागर म्हणत, असं तो सांगतो. यात त्याचा अभिमान आहे, आणि त्याचा गर्वही बऱ्यापैकी मोठा होता, ते मी नाकारत नाही. आपल्या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथांना त्याने मोती आणि शेण यांची सरमिसळ म्हटलंय. पण तेवढ्यावर तो थांबत नाही, मोती कुठले तेही सांगतो.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात जड आहे. हो, पंजाबची दारं त्याला महमूदाच्या तलवारीने उघडली. आणि त्याच तलवारीने काशी-काश्मीरची बंद केली. दोन्ही गोष्टी त्याला माहीत होत्या आणि दुसरी त्याने लिहून ठेवली. ग्रंथ कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला हे धुऊन काढू नये, आणि त्याच कारणासाठी टाकूनही देऊ नये, एवढंच मला म्हणायचंय.

तिथीवार

चर्चा रंगली आहे. माझ्या आवडीचा भाग अजून आला नाही, म्हणून टंकतो. एकोणपन्नासावं प्रकरण, संवतांचं.

इथले लोक एकाच वेळी किती संवत वापरतात ते पाहून त्याने एक वर्ष खुंटी म्हणून धरलं, यज्दगिर्दी (जुना इराणी) सन ४००, आणि बाकीचे सगळे त्याला टांगले. विक्रम १०८८, शक ९५३, वलभी आणि गुप्त ७१२. आपल्या पंचांगाने रोज शक वापरणाऱ्या माणसाला हा हिशेब बोटावर करता येतो. ९५३ वजा ७१२ म्हणजे २४१. गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला. २४१ मध्ये ७८ मिळवा, इसवी ३१९.

एकोणिसाव्या शतकात गुप्तांचा काळ कुठे बसवायचा यावरून मोठमोठ्या विद्वानांत जुंपली होती. कोणी त्यांचा संवत इसवी ७८ पासून धरी, कोणी १६६ पासून. याला बेरुनीचंच दुसरं वाक्य अंशतः कारणीभूत होतं. गुप्त हे दुष्ट आणि बलाढ्य लोक होते, ते संपले तेव्हापासून हा संवत चालू झाला, असं लोक सांगतात, असं तो लिहितो. म्हणून काही जणांनी ३१९ ला गुप्तांचा शेवट मानला. आकडा बरोबर, त्याला चिकटलेली कहाणी चूक.

गुंता सोडवला फ्लीट या इंग्रज शिलालेख-अभ्यासकाने, १८८८ मध्ये गुप्त शिलालेखांचा खंड काढून. मंदसोरच्या लेखात कुमारगुप्ताच्या काळातलं मालव (म्हणजेच विक्रम) वर्ष ४९३ आहे, म्हणजे इसवी ४३६. कुमारगुप्ताच्या इतर लेखांतली गुप्त वर्षं ३१९ च्या हिशेबाने याच सुमाराला येतात. गाठ बसली. फ्लीटच्या त्या कामातलं तिथी-वारांचं किचकट गणित केलं आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, कोकणातल्या मुरुडचे, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक. १८९६ च्या त्यांच्या भारतीय ज्योतिषाच्या इतिहासात बेरुनी पानोपानी भेटतो. रा. गो. भांडारकरांनीही दख्खनच्या इतिहासाला गुप्त संवतावर खास परिशिष्ट जोडलंय.

मुरुडच्या माणसाने काथच्या माणसाचा आकडा साडेआठशे वर्षांनी तपासून खरा ठरवला, याचं मला अतिशय अप्रूप आहे. दीक्षितांची आठवण आपण फार कमी काढतो.

केशरकाडी

तिथीवार, दीक्षितांसाठी +१००.

छोटी भर. ज्योतिष आणि गणिताची ओळख करून देणारं, प्रश्नोत्तररूप ‘तफहीम’ हे पुस्तक बेरुनीने १०२९ च्या सुमारास रैहाना नावाच्या ख्वारिझमच्या मुलीसाठी लिहिलं. ते अरबीत आहे आणि फारसीतही. राजांच्या यादीत ही एक वाचक मुलगी मला फार आवडते. ती प्रश्न विचारत असणार म्हणूनच पुस्तकाला तो घाट आला असावा.

मोजपट्टी

पृथ्वीच्या त्रिज्येचं कोणीच लिहिलं नाही? नंदना किल्ला, मिठाच्या डोंगररांगेत, आज पाकिस्तानी पंजाबात झेलमच्या बाजूला. पूर्वी बगदादच्या खलिफाने वाळवंटात माणसं चालवून एक अंशाचं अंतर मोजवलं होतं. बेरुनीनेही तरुणपणी गुर्गानच्या उत्तरेला तसा प्रयत्न केला, पण पाठबळ मिळालं नाही. नंदनाला त्याला हवं तसं दृश्य मिळालं, समोर सपाट मैदान आणि त्याच्या कडेला उभा डोंगर. आधी दोन जागांवरून कोन घेऊन डोंगराची उंची काढली, ६५२ हात आणि थोडी. मग माथ्यावरून क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसतं ते मोजलं, ३४ कला (अंशाचे साठावे भाग). एवढ्यावर त्रिज्या निघते, वाळवंट तुडवावं लागत नाही.

‘९९ टक्के अचूक’ असं जे फिरतं त्यावर विसंबू नका. त्याचं उत्तर १ कोटी २८ लाख हात. त्याच दोन मापांवर आज कॅल्क्युलेटरने गणित केलं तर १ कोटी ३३ लाख येतात, कारण एवढ्या बारीक कोनाला त्याच्या कोष्टकातली कणभर चूकही मोठी होते. त्यात हवेमुळे किरण वाकतात, आणि ‘हात’ किती लांबीचा धरायचा यावर किलोमीटर ठरतात. टक्केवारी सोडून द्या. ही एका माणसाला एका डोंगरावर जमणारी रीत आहे, आणि मला तिचंच मोल वाटतं.

कडेकपार

दौतटाक, उत्तर पटलं असं पूर्ण म्हणत नाही, पण प्रामाणिक आहे. विद्या परागंदा झाल्याचं वाक्य मी आधी वाचलं नव्हतं. ग्रहणाबद्दल त्याने ब्रह्मगुप्तावर टीका केलीय असं ऐकलंय, ते काय आहे?

दौतटाक

एकोणसाठावं प्रकरण. ब्रह्मगुप्ताला ग्रहणाचं खरं कारण, पृथ्वीची आणि चंद्राची सावली, पक्कं माहीत. तरीही ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या आपल्या ग्रंथाच्या एका भागात तो राहूची बाजू घेतो आणि लोकमत, वेद, स्मृती यांविरुद्ध जाणाऱ्यांना दोष देतो. बेरुनी चिडतो. एवढा मोठा गणिती, आणि स्वतःला ठाऊक असलेल्याच्या विरुद्ध बोलतो? मग तो थांबून कारण शोधतो आणि म्हणतो, माझा कल असा की सॉक्रेटिसावर जो प्रसंग आला तशा कशाच्या तरी भयाने त्याच्याकडून हे बोललं गेलं असावं.

परक्या देशातला, चारशे वर्षांपूर्वीचा गणिती, आणि बेरुनी त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो. ज्याने आयुष्यभर एकामागून एक राजांच्या पदरी काढली त्यालाच हे सुचणार.

मेघपंथ

‘कानून’बद्दल मसूदने हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि याने ती परत केली, ही गोष्ट खरी का? आणि मरताना वारसाहक्काचा प्रश्न विचारल्याची?

दौतटाक

दोन्ही याकूत या चरित्रकोशकाराकडे आहेत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतरच्या. दुसरी अशी की एक न्यायशास्त्री आजारी बेरुनीला भेटायला आला, तर याने त्याला आजीच्या बाजूच्या वारसाहक्काचा जुना प्रश्न विचारला. या अवस्थेत? तर म्हणाला, उत्तर ठाऊक असून गेलेलं बरं. तो माणूस उत्तर देऊन रस्त्याला लागला तोच मागून रडण्याचा आवाज आला. ही ऐकीव म्हणूनच घ्यावी. मृत्यूचं साल परंपरेने १०४८ धरतात, पण औषधींवरच्या शेवटच्या ग्रंथात तो ऐंशी चांद्र वर्षं उलटल्याचं आणि डोळे-कान थकल्याचं स्वतः सांगतो, त्यामुळे १०५० नंतरही तो काही काळ असावा.

केशरकाडी

वाचायला सुरुवात कुठून करावी? ऐंशी प्रकरणं बघूनच दडपण येतं.

दौतटाक

क्रमाने वाचू नका. पहिलं प्रकरण आधी, त्यातच त्याची सगळी भूमिका आहे. मग सोळावं: लिपी, भूर्जपत्रं आणि ताडपत्रं, विडा खाणं, घरात शिरताना न विचारणं पण निघताना निरोप घेणं, चौघांनी फाशांवर खेळायचं बुद्धिबळ, असं रोजचं पुष्कळ आहे. मग घाटवाटने सांगितलेलं अठरावं, तिथीवारचं एकोणपन्नासावं, सोमनाथासाठी अठ्ठावन्नावं, लगेच एकोणसाठावं. कल्प-मन्वंतरांच्या आकड्यांची प्रकरणं पहिल्या वाचनात सोडली तरी चालतील. झाखाऊचं भाषांतर जुनं असल्यामुळे नेटवर मोफत मिळतं. त्याच्या शेवटच्या टीपा सोडू नका, कोणता श्लोक कुठल्या पुराणातला ते त्यात आहे. कोणी मूळ अरबी वाचणारे इथे असतील तर कृपया अठराव्या प्रकरणातली आपल्या मुलखाची गावांची नावं ताडून द्या, गोदावरीकाठच्या त्या ‘मंदगीर’वर वेगळा धागा काढू.